चौदा मतांची निवडणूक

जुलैत स्टाफरूमच्या फळ्यावर कामवाटपाची यादी लागली की प्राध्यापक मंडळी आधी दोनच ठिकाणी नजर टाकतात, वेळापत्रक समिती आणि विद्यार्थी परिषद. दोन्हीकडे वाईटपणा फुकटात मिळतो. वाशीम जिल्ह्यातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवत होतो. विद्यार्थी परिषद पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली ती मी नवा म्हणून. पुढे ती तिथेच राहिली, कारण त्या वर्षी कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. या कामाला एवढी पात्रता पुरते.

प्रवेश आटोपले की बीए भाग एकची पोरं विचारायला यायची, "सर, निवडणूक कवा हाये?" सिनेमातल्या कॉलेजच्या निवडणुका त्यांनी बघितलेल्या असत. मी सांगायचो, निवडणूक आहे, पण तुम्हाला मत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असे, "मंग कोणाले हाये?"

याचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ च्या कलम ४० मध्ये होतं. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी परिषदेवर घ्यायचा, तो मागच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर. त्याशिवाय क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक या चार क्षेत्रांतून एकेक विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी, या सहा जणांना प्राचार्य नेमणार. मग या विद्यार्थी सभासदांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा. कायद्यातला 'सचिव' हा शब्द आमच्याकडे फक्त नोटिशीत दिसे. बोलताना सगळे यूआर म्हणत, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. वर्गाचा तो सीआर. आमचा हिशेब असा बसे: बीएचे तीन वर्ग, बीकॉमचे तीन, एमएचे दोन, हे झाले आठ सीआर, वर प्राचार्यांचे सहा. हजाराच्या वर पटसंख्या असलेल्या कॉलेजात मतदार चौदा.

मी शिकत होतो तेव्हा असं नव्हतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं (आमचा जिल्हा १ जुलै १९९८ चा), आणि कॉलेजात जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडून यायचा तो सगळ्या पोरांच्या मतांवर. भिंती चुन्याने रंगायच्या, सायकलरिक्षावर भोंगा लागायचा, निकालाच्या दिवशी गुलाल आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना. त्या मारामाऱ्यांची आठवण काढून गहिवरणारे माझे वर्गमित्र आहेत. मला त्यात गहिवरण्यासारखं काही दिसत नाही. वर्गातल्या मुली त्या दिवशी घरी राहायच्या. मतपेटीपर्यंत पोचायला दोन टोळक्यांच्या मधून जावं लागे आणि ते त्यांच्या घरच्यांना चालणारं नव्हतं. जीएसच्या उमेदवारांत मुलीचं नाव मी कधी वाचलं नाही.

१९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांवर राज्यभर ओरड चाललेलीच होती. त्यानंतर थेट निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या कायद्याने गुणवत्तेची पद्धत आणली. गंमत बघा, त्याच १९८९ मध्ये देशात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. आमदार-खासदार निवडायला पोरं लायक ठरली ते हेच वर्ष, आणि कॉलेजचा प्रतिनिधी निवडण्याचा त्यांचा हक्क सुटायला लागला तेही हेच.

परिषदेच्या कामाची सुरुवात गुणपत्रिकांपासून व्हायची. परीक्षा विभागातून याद्या आणायच्या, प्रत्येक वर्गाचा पहिला विद्यार्थी काढायचा, त्याने पुढच्या वर्गात प्रवेश घेतला आहे का ते बघायचं. नसेल तर दुसरा, तोही डीएडला निघून गेला असेल तर तिसरा. भाग एकच्या वर्गांना बारावीचे गुण. एवढं झालं की यादी फळ्यावर लागे आणि त्या दिवशी कॉलेजातल्या पुढाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होत, कारण यादीत निम्म्याहून जास्त मुली असत. काही वर्षी आठांत सहा. थेट निवडणुकीत ज्यांनी अर्जसुद्धा भरला नसता त्या मुली, बापाच्या हातात महिन्याचा एसटी पास ठेवणाऱ्या, तास संपला की स्टँड गाठणाऱ्या, एका सकाळी मतदार झालेल्या असत. कायदा करणाऱ्यांच्या हे मनात होतं असं मला वाटत नाही. पण घडलं ते असं.

सीआर झाल्याचं पत्र आम्ही घरी पाठवत असू. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी बीए भाग दोनला वर्गात पहिली होती. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील ते पत्र घडी करून धोतराच्या कनवटीला लावून आले. कॉलेजचा शिक्का असलेला कागद घरी येतो तो दंडाचा, अशी त्यांची समजूत. "सर, पोरीनं काई केलं काय? पैसे भराचे असन तं सांगा." मी त्यांना बसवलं आणि मुलगी वर्गात पहिली आल्याचं, तिला आता मत असल्याचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मत कोणाले द्याचं, हे कोन सांगन तिले?"

"कुणीच नाही. ते तिनंच ठरवायचं."

"आमच्या तांड्यात तं नायक सांगते," ते म्हणाले आणि हसले. मग गाडीची वेळ विचारून गेले. मतदानाच्या दिवशी मात्र पुन्हा आले आणि मतदान संपेपर्यंत कार्यालयासमोरच्या बाकावर बसून राहिले.

त्यांनी तसं बसण्याला कारण होतं. यादी लागल्यापासून मतदानापर्यंतचा आठवडा हा त्या चौदा जणांच्या आयुष्यातला सगळ्यात लाडाचा आठवडा. अर्थशास्त्रात आम्ही शिकवतो की ग्राहक घटले की एकेकाचं वजन वाढतं. इथे मतदार चौदा आणि जिंकायला आठ. आठ माणसं जिंकायला भाषण लागत नाही, एक मोठी गाडी लागते. सीआर पोरं वर्गातून गायब व्हायची. घरी सांगून जायची, "शेगावले चाललो." शेगावचं नाव घेतलं की वऱ्हाडात कुठलीच आई नाही म्हणत नाही. गाडी शेगावहून पुढे चिखलदऱ्याला जाई, कधी माहूरला. मोबाइल आले तसे ते आधी काढून घेतले जाऊ लागले. एका वर्षी एक बाप थेट माझ्या वर्गात शिरला होता, "मास्तर, माहं पोट्टं कुठी हाय?" मला खरोखरच माहीत नव्हतं. पोरगा मतदानाच्या सकाळी कपाळाला टिळा लावून, नवा शर्ट घालून, उमेदवाराच्या गाडीतून उतरला. बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या सभापतिपदाच्या वेळी हेच बघत पोरं मोठी झालेली. त्यांना शिकवायला कुणी बाहेरचा लागत नव्हता. गाडीचं डिझेल मात्र बाहेरून येई. कुणाचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असे.

मुलींना असं उचलून नेता येत नव्हतं. त्यामुळे त्या आठवड्यात वर्गात बसणाऱ्या मतदार त्या एकट्याच. मग त्यांच्या घरी जाणं सुरू होई. कुणाच्या मावसभावाला धरायचं, कुणाच्या वडिलांच्या सोसायटीच्या कर्जाची चौकशी करायची, राखीच्या सुमारास यादी लागली असेल तर उमेदवार स्वतः राखी बांधून घ्यायला हजर. दोन्ही उमेदवारांना राखी बांधलेल्या मुली मी पाहिल्यात. त्या मत कुणाला देणार हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नसे. मुलांची मतं गाडीत मोजलेली असत, निकाल मुलींच्या मतांवर लागे.

मतदानाची खोली म्हणजे भूगोलाची प्रयोगशाळा. पेटी म्हणजे पत्र्याची जुनी सूचनापेटी, तिला नवं कुलूप. पेटी रिकामी असल्याचं दोन्ही उमेदवारांना दाखवायचं, लाखेचा ठसा मारायचा, मग एकेकाला आत घ्यायचं. हे सगळं सोपं. अवघड होतं ते मत गुप्त ठेवणं. चौदा मतं म्हणजे काहीच नाही. मोजणीच्या वेळी उमेदवार समोर बसलेला असतो आणि त्याने आपल्या लोकांना खुणा देऊन ठेवलेल्या असतात. एकाने हिरव्या शाईने फुली करायची, दुसऱ्याने फुलीची एक रेघ लांब ओढायची, तिसऱ्याने चिठ्ठीची घडी चार वेळा घालायची. मोजणी म्हणजे हजेरीच झाली. कोण फुटलं ते जागच्या जागी कळतं आणि संध्याकाळी स्टँडवर त्याचा हिशेब होतो.

यावर आमचा उपाय असा होता. मतपत्रिका सायक्लोस्टाइलवर एकाच दिवशी काढायच्या. अनुक्रमांक फक्त स्थळप्रतीवर, मतपत्रिकेवर नाही. घडी आम्हीच आधी घालून द्यायची. खुणेसाठी पेन नाही, गोल रबरी शिक्का, आणि तो टेबलाला सुतळीने बांधलेला. जांभळ्या शाईचं पॅड कोरडं पडलं तर शिपाई मामा पाण्याचे दोन थेंब टाकत. शिक्का चौकटीत कुठेही उमटला तरी मत वैध. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा एक उमेदवार फार संतापला. "सर, तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवत नाही," असं तो म्हणाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्याच दोन मतदारांचे चेहरे तेव्हा उजळलेले मला दिसले.

मतदार सम संख्येत असल्यामुळे बरोबरी होण्याची धास्ती असे. एकदा ती झालीच. सात-सात. चिठ्ठी टाकायची ठरली. मामांचा नातू पहिलीत होता, त्याला शाळेतून आणला. त्याने डब्यात हात घातला, एक चिठ्ठी काढली आणि ती वाचता येत नाही म्हणून माझ्याकडे न देता मामांकडे दिली. हरलेल्या मुलाने जिंकलेल्याला तिथेच मिठी मारली. एका मताने हरलेले उमेदवार वर्षभर तोंड फिरवून जाताना मी पाहिले आहेत. नशिबाने हरवलं की राग धरायला माणूस नसतो.

प्राचार्यांच्या सहा जागांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. चौदांतले सहा एका माणसाच्या लेखणीवर. आठ मतं लागत आणि सहा वरून येत, तर निवडणूक कुणाची झाली ते तुम्हीच बघा. माझ्या काळात प्राचार्य बरेच झाले. काहींनी क्रीडा आणि एनएसएसच्या शिक्षकांना विचारून नावं टाकली. काहींना फोन येत. फोन कुणाचा हे विचारायचं नसतं. नावांची चिठ्ठी माझ्याकडे बंद पाकिटातून येई आणि मी ती यादीला जोडे. खेळाडू म्हणून आलेल्या एका मुलाने मैदान फक्त सायकल लावायला वापरलं होतं, हेही मी त्या यादीत वाचलं. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर होतं.

परिषद झाल्यावर ती काय करायची? खरं सांगायचं तर स्नेहसंमेलन. यूआर मंचावर पाहुण्यांच्या बाजूला बसे, फलकावर त्याचं नाव येई, आणि विद्यापीठाच्या परिषदेच्या निवडणुकीत त्याला भाव येई. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम असे पाच जिल्हे. तिथल्या विद्यार्थी परिषदेचं वजन मोठं असे. त्यामुळे आमच्या चौदा मतांच्या खोलीत दूरच्या लोकांना रस असे. पण परिषदेच्या बैठकीत कधी कधी वेगळंच निघे. तांड्यावरची ती मुलगी पहिल्या बैठकीत गप्प होती. दुसरीत तिने एकच विषय मांडला. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते आणि ती मागायला कारकुनासमोर रांगेत उभं राहावं लागतं, तर ती मुलींच्या खोलीत ठेवा. बैठकीत दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. किल्ली त्याच दिवशी हलली. मोठमोठी भाषणं करणाऱ्या कुठल्याच जीएसला, आणि आम्हालाही, तो विषय सुचला नव्हता. म्हणून गुणवत्तेच्या पद्धतीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही.

पण ती पद्धत टिकावी असंही मला कधी वाटलं नाही. या मताला आधार सापडला तो लिंगडोह समितीच्या अहवालात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, हजेरी किमान ७५ टक्के, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलंच, तेही ठरवून दिलेल्या जागी. सगळी प्रक्रिया दहा दिवसांत संपवायची. वर्तमानपत्रांत एवढंच आलं. अहवालात पुढचंही आहे: जिथे वातावरण बिघडलेलं आहे तिथे नेमणुकीची पद्धत तात्पुरती चालेल, पण ती निव्वळ परीक्षेच्या गुणांवर नसावी, आणि पाच वर्षांत सगळ्यांनी निवडणुकीकडे यावं. हे वाचलं तेव्हा आमच्याकडे गुणांची पद्धत चालू होऊन बारा वर्षं झाली होती.

महाराष्ट्राने ते मनावर घ्यायला आणखी दहा वर्षं लावली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात थेट निवडणूक परत आली. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, हे सगळे कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी निवडायचे, वर्गाचा प्रतिनिधी वर्गाने. प्राचार्यांच्या नेमणुका राहिल्या, पण त्या चार क्षेत्रांपुरत्या.

२०१९ च्या पावसाळ्यात ही थेट निवडणूक खरंच होणार असं ठरलं. आम्ही मतदारयादी करायला बसलो आणि तेव्हा कळलं की हजार नावांची यादी काय असते. राठोड, चव्हाण, जाधव आणि इंगोले यांनी अर्धी यादी भरली. एकाच वर्गात त्याच नावाचे, त्याच वडिलांच्या नावाचे दोन विद्यार्थी निघाले, गावं वेगळी. ओळखपत्रावरचे फोटो दहावीतले. यादी फळ्यावर लावल्यावर ज्यांनी कधी फळ्याकडे बघितलं नव्हतं ती पोरं बोट फिरवून आपलं नाव शोधत होती आणि चुकलेल्या वेलांटीसाठी माझ्याकडे येत होती. बीकॉमची तीन मुलं आणि दोन मुली अर्ज कसा भरायचा विचारून गेल्या. गाडीवाले पुढारी मात्र त्या वेळी जरा गोंधळलेले दिसले. हजार जणांना शेगावला कसं न्यायचं?

मग विधानसभेची निवडणूक आली आणि कॉलेजच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. पोलिसांचा बंदोबस्त एकीकडेच पुरतो, असं सांगण्यात आलं. त्यानंतर कोरोना आला आणि कॉलेजंच बंद झाली.

याच काळात आमच्या खेड्यांत सरपंचाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांच्या हाती गेलं, २०२२ मध्ये परत जनतेकडे आलं. मधल्या दोन वर्षांत सदस्य 'देवदर्शनाला' गेल्याच्या बातम्या गावोगावच्या. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत आणि चौदा मतदारांचं कॉलेज यांत मला फारसा फरक दिसत नाही. मारामारी होते म्हणून मतदार कमी करायचे, आणि कमी केले की ते खिशात मावतात. दोन्हींत निवडायचंच झालं तर मी मारामारीचा धोका घेईन. तिच्यासाठी पोलीस आहेत, लिंगडोहांचे नियम आहेत, मुलींसाठी वेगळी रांग आणि वेगळी खोली करता येते. खिशातल्या मताला कुठलाच नियम पोचत नाही. सुतळीने बांधलेला शिक्काही फार तर पाऊण पोचतो.

सध्या वर्गात सीआर कोण असं विचारलं तर पोरं व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनचं नाव सांगतात. त्याला कुणी निवडलेलं नसतं, त्याने ग्रुप आधी काढलेला असतो. परीक्षेच्या फॉर्मची तारीख तो सांगतो, सर आज येणार नाहीत हेही तोच सांगतो, आणि त्याच्याशी पटलं नाही तर तो ग्रुपमधून काढतोही.

पुन्हा निवडणूक लागलीच तर मुंबई-पुण्यात बसून तारीख ठरवणाऱ्यांना आमच्याकडच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. पोळ्याच्या आठवड्यात मतदान ठेवू नका आणि दसऱ्याच्या तोंडावरही नको, तेव्हा सोयाबीन सोंगायला निम्मं कॉलेज शेतात असतं. मतदान सकाळी आठला सुरू करून दुपारी दोनला बंद करा. तीननंतर मानोरा आणि रिसोडकडच्या खेड्यांच्या गाड्या निघू लागतात, आणि मुली मतासाठी गाडी सोडत नाहीत.